खडू हातात असेपर्यंत

ऊर्मीनं कोणत्या शाळेचं नाव लिहून दिलं होतं, ते कृष्णवेणीला हेडमास्तरांच्या तोंडून कळलं.

सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. एन्नोरच्या त्या शाळेत प्रार्थना संपली की मुलं वर्गाकडे पळत नाहीत, ती ढकलावी लागतात. निम्मी पोरं पहाटेपासून बापाबरोबर किनाऱ्यावर जाळी ओढून आलेली असतात आणि उभ्याउभ्या डुलक्या घेतात. कृष्णवेणी आठवी ब ढकलत होती, तेवढ्यात हेडमास्तर गुरुमूर्तींनी तिला लिंबाखाली बोलावलं.

झाडाखाली बी.एड.च्या मुली रांगेनं उभ्या होत्या. सगळ्यांची साडी एकाच जांभळ्या रंगाची, सगळ्यांच्या हातात तक्त्यांच्या सुरळ्या. विद्यापीठ दर वर्षी या दिवसांत अशी एक टोळी पाठवतं. मुली काही महिने सरावाचे पाठ घेतात, परीक्षेचा पाठ देतात आणि निघून जातात. कृष्णवेणी स्वतः त्याच विद्यापीठातून अशीच एकदा आली होती. तिनं सहज रांगेवरून नजर फिरवली आणि कडेच्या मुलीच्या निऱ्यांवर ती अडकली. त्या निऱ्या सकाळी तिनंच बसवल्या होत्या. खांद्यावरची पिनही तिनंच लावली होती. ऊर्मी तिची नणंद, आणि शहरातल्या टी. नगरच्या शाळेत निघाले म्हणून तिनं घरी सांगितलं होतं.

ऊर्मी खाली मान घालून चपलेनं माती उकरत होती.

"तुमच्या घरचीच मुलगी, नाही का?" गुरुमूर्ती तमिळमध्ये म्हणाले. "बरं झालं. हिनं स्वतः आपल्याच शाळेचं नाव लिहून दिलंय. आठवीचं विज्ञान हिला देतो. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या."

कृष्णवेणी हंगामी शिक्षिका होती. विज्ञानाचे जुने मास्तर वर्षाअखेर निवृत्त होणार होते आणि त्या जागेवर तिचा डोळा होता. लपून नव्हे, उघड.

"सार, हे वर्ष सलग काढलंत तर जागा तुमची, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो की. पण फुकट शिकवणारं माणूस दारात आलंय, मी शाळेच्या मालकांना काय सांगू? आणि तुम्हांला वाईट का वाटावं? बाहेरचं कुणी नाही."

"मुलांचं नुकसान झालं तर?"

गुरुमूर्तींनी चष्मा पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त ज्याच्याशी बोलत त्याच्या मनासारखं बोलायची त्यांना खोड होती. "झालं तर बघू. पाठाच्या परीक्षेला विद्यापीठाच्या बाई येतील. वर्ग बिघडलाय असं त्या म्हणाल्या, तर मी स्वतः माणूस पाठवून तुम्हांला बोलावीन."

कृष्णवेणी डबा आणि छत्री घेऊन फाटकाबाहेर पडली. आठवी बच्या खिडकीतून पोरं बघत होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा जांभळी साडी नेसून येतो, हे तिला नवीन होतं.

घर रेल्वेच्या रुळांमागे होतं. सासरे रेल्वेत होते, त्यांनीच ते बांधलं. सासूबाई कुमुदिनीबाई साताऱ्याहून लग्न होऊन इथं आल्या त्याला जन्म लोटला, तरी एन्नोर त्यांना अजून परगाव वाटायचं आणि सून परकी. कृष्णवेणीचं माहेर तंजावरच्या मराठ्यांचं. तिची माणसं राजांच्या वेळेपासून तमिळ मुलखात. तिच्या बोलण्याला कुमुदिनीबाई 'कीर्तनातली मराठी' म्हणायच्या आणि पाहुण्यांपुढं मुद्दाम तिला बोलतं करायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी ऊर्मी आली तेव्हा कृष्णवेणी गच्चीवरचे कपडे काढत होती. वीजकेंद्राच्या धुराड्यांकडून वारा आला की धुतलेल्या कपड्यांवर राख बसते. प्रत्येक कपडा दोनदा झटकायचा आणि मगच घडी घालायची, हे त्या गल्लीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

"टी. नगर म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"विद्यापीठानं बदललं. ॲक्च्युअली माझ्या हातात काही नव्हतं, वहिनी."

"मला कशास सांगितलं नाहीस? त्या शाळेचं नाव लिहू नक्को म्हणोन मी किती विनवलं तुला."

"म्हणोन," जिन्यात उभ्या असलेल्या कुमुदिनीबाई हसल्या. "अगं, पोरीला शाळेतून आल्या आल्या धरतेस काय? तिचं वर्ष आहे हे. तुझं काय, आज नाही उद्या बोलावतीलच. आणि तेवढे दिवस घरात बसलीस तर घर बुडतंय का?"

कृष्णवेणीनं उशीचा अभ्रा झटकला. राख कुमुदिनीबाईंच्या अंगावर गेली. ती चुकून गेली असं म्हणायला जागा होती, पण ती चूक नव्हती.

नवरा आशिष दिवस मावळल्यावर आला. तो इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला. कंपनीची बस पहाटे न्यायची आणि संध्याकाळी आणून टाकायची. बोटांच्या पेरांत तेलाचा काळेपणा असा मुरला होता की भात कालवताना तो आधी हात उलटसुलट करून बघायचा. कृष्णवेणीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, ताक मागितलं.

"तुम्ही तिला विचारा तरी."

"तिचं वर्ष आहे गं," तो म्हणाला. आईचं वाक्य आईच्याच सुरात. कृष्णवेणीनं ताकाचं भांडं त्याच्यापुढं आपटलं आणि ती ओट्याशी जाऊन उभी राहिली.

पुढचे दिवस कामात गेले. शाळेत जाणं सुटलं होतं, पण शाळेचं काम घरी आलं होतं. बी.एड.च्या पाठाला साधन लागतं. तक्ता लागतो, प्रतिकृती लागते, आणि ऊर्मीच्या हाताला सरळ रेघ ठाऊक नव्हती. कुमुदिनीबाईंनी परस्पर ठरवून टाकलं.

"कृष्णवेणी काढेल. तिला काय काम आहे आता?"

ती काढत बसायची. फरशीवर पालथी पडून, कोपरं सोलवटेपर्यंत. हृदयाचे कप्पे, पानाचा छेद, कानाची हाडं. घामानं कागदाला हात चिकटू नये म्हणून मनगटाखाली जुनं धडपं घ्यायची. खळ शिजवायची, कडा चिकटवायची, वर राख बसू नये म्हणून साडी पांघरायची. सकाळी ऊर्मी तयार तक्ता उचलायची आणि निऱ्या हातात धरून समोर उभी राहायची. "वहिनी, पिन." कृष्णवेणी गुडघ्यांवर बसून निऱ्या ओढायची. एकदा पिन ऊर्मीच्या खांद्याला टोचली. ऊर्मीनं ओठ चावला, कृष्णवेणीनं पुढची निरी ओढली.

मग एका संध्याकाळी ऊर्मीनं तक्त्याची सुरळी कोपऱ्यात फेकली.

"दगड आहेत दगड. आई, एक पोर तोंड उघडत नाही. प्रश्न विचारला की नुसती माझ्या हाताकडे बघत बसतात. आज आमच्या मॅडम निरीक्षणाला आल्या होत्या, त्यांच्यासमोर तसंच. इतकं इन्सल्टिंग होतं ना. सगळ्या मुलींचे वर्ग बोलतात, माझाच मुका."

"कोळ्यांची पोरं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "त्यांना काय येणार?"

कृष्णवेणी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. पोरं कशाकडे बघतात ते तिला त्याच क्षणी कळलं.

तो नियम तिचाच होता. आठवी बमध्ये प्रश्न विचारला की दोन हुशार पोरं बोंबलून उत्तर द्यायची आणि बाकीची झोपलेली तशीच झोपून राहायची. म्हणून तिनं सांगून ठेवलं होतं: माझ्या हातात खडू आहे तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, हात वर करायचा नाही. सगळ्यांनी विचार करायचा. मी खडू टेबलावर ठेवला, की मग हात. पोरांना तो खेळ वाटायचा. खडू खाली टेकला की सगळा वर्ग पाखरं उडाल्यासारखा हात वर करायचा. सहावीपासून तिनं ही सवय लावली होती, आणि तिला तिचा गर्व होता. विज्ञानाच्या तासाला दुसरं कुणी त्या वर्गावर आलंच नव्हतं. ऊर्मी खडू सोडायचीच नाही. हातात काही असलं की तिला धीर वाटायचा.

एक वाक्य पुरलं असतं. 'खडू खाली ठेव.' वाक्य जिभेवर आलं, आणि तिनं ते गिळलं. वर्ग बिघडला तर माणूस पाठवीन, असं गुरुमूर्ती म्हणाले होते. वर्ग बिघडलेलाच दिसू दे. तिनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. अळीमिळी गुपचिळी.

दोन-चार दिवसांनी मासळीच्या बाजारात जननी भेटली. आठवी बची ही पोर आईच्या टोपलीपाशी बसून कोळंबी सोलत होती. मिसला बघून ती उठली आणि हात परकराला पुसले.

"मिस, कधी येणार? ती नवी मिस खडू ठेवतच नाही. आम्हांला येतं सगळं, पण ती ठेवत नाही. काल सगळ्या रांगेला गुडघ्यांवर बसवलं."

कृष्णवेणीनं तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या गुडघ्यांवर वाळूचे वण होते. त्या क्षणी तरी सांगायला हवं होतं. त्यांना उत्तरं द्या, नव्या मिसचं ऐका, असं कोणत्याही शिक्षिकेनं म्हटलं असतं.

"नियम तो नियम," ती म्हणाली. "मी येईपर्यंत मोडू नका."

जननीनं मोठ्या जबाबदारीनं मान हलवली.

परीक्षेचा पाठ जवळ आला तसं घर तापलं. ऊर्मी जेवेनाशी झाली. हा पाठ गेला तर बाकी सगळं पास होऊनही काही हाती लागणार नव्हतं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पाठ ठरला होता श्वसनाचा. कृष्णवेणीनं पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या कॅनचं बूड कापून फुप्फुसाची प्रतिकृती केली. आत दोन फुगे, बुडाला ताणून बसवलेलं रबर. रबर खाली ओढलं की फुगे फुगायचे, सोडलं की बसायचे. प्लास्टिक कापताना सुरी घसरून तिचा अंगठा चिरला. इतकं चांगलं साधन तिनं स्वतःच्या परीक्षेलाही केलं नव्हतं, आणि ते करताना तिला आनंद होत होता याची तिला चीड आली.

"तुझ्या वर्गाबद्दल तुला काही ठाऊक असेल तर सांग तिला," कुमुदिनीबाई आदल्या दिवशी म्हणाल्या. सूर हुकमाचाच होता, पण थोडा खाली आलेला. "पोरगी रडते आहे."

"मी काय सांगू? माझी भाषा तुम्हांला कुठं कळते."

"हे बघ, टोमणे नकोत."

"ती विद्यापीठात शिकत्ये. मी घरी बसलेली बाई."

ऊर्मी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं वहिनीकडे पाहिलं. काहीतरी आहे, एवढं तिला कळलं असावं, पण मागायचं म्हणजे आधी स्वतःचं खोटं कबूल करायचं. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो कॅन ऊर्मीच्या हातात मावेना. तक्ते, पर्स, आणि वर साडी चुरगळायची भीती. "कृष्णवेणी पोचवेल," कुमुदिनीबाई म्हणाल्या. म्हणून ज्या शाळेतून काढून दिलं होतं, तिच्या फाटकातून कृष्णवेणी कॅन कमरेवर घेऊन आत गेली, पाण्याच्या गाडीवरच्या माणसासारखी. शिपायानं ओळखीचं हसू दिलं आणि लगेच आवरलं. कॅन टेबलावर ठेवून ती निघाली, तर गुरुमूर्ती म्हणाले, "थांबा जरा व्हरांड्यात. न्यायलाही कुणी लागेल."

ती खिडकीपाशी उभी राहिली.

विद्यापीठाच्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. वयस्क, जाड भिंगांच्या, पदरानं वारा घेणाऱ्या. गुरुमूर्ती त्यांच्या शेजारी हात बांधून उभे. ऊर्मीनं सुरुवात बरी केली. फळ्यावर छान अक्षरात पाठाचं नाव लिहिलं, रबर ओढून दाखवलं. फुगे फुगले. पोरांचे डोळे चमकले ते कृष्णवेणीला बाहेरून दिसलं.

"मी रबर खाली ओढलं तेव्हा फुगे का फुगले?" ऊर्मीनं विचारलं.

वर्ग गप्प. सगळ्यांच्या नजरा तिच्या उजव्या हाताकडे. हातात खडू, घामानं ओला.

"कोण सांगेल? हवा कुठून आली?"

कुणी हललं नाही. ऊर्मीनं प्रश्न फिरवून विचारला, मग सोपा करून विचारला, मग तिचा आवाज चिरकला. ती वळली आणि तिला खिडकीत वहिनी दिसली. त्या नजरेत आता काही ऐट नव्हती. सगळ्या वर्गादेखत ती नुसती मागत होती.

कृष्णवेणीनं नुसती मूठ उघडून दाखवली असती तरी पोरीला कळलं असतं. तिनं तोंड फिरवलं आणि ती धुराड्यांकडे बघत राहिली. तिला लाज वाटली, आणि तरीही ती तशीच उभी राहिली.

विद्यापीठाच्या बाई उठल्या. त्या पहिल्या रांगेपर्यंत गेल्या आणि जननीपुढं वाकल्या. "बाळ, तुला उत्तर ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे."

"मग सांगत का नाहीस?"

"मिसनं खडू ठेवला नाही."

बाईंना काही कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं. जननीनं नियम सांगितला, अगदी शिकवल्यासारखा नीट. मग खिडकीकडे बोट केलं. "त्या मिसनं लावलाय. मी येईपर्यंत मोडू नका म्हणाल्या."

वर्गातली सगळी तोंडं खिडकीकडे वळली. बाईंनी ऊर्मीच्या बोटांतून खडू काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

सगळे हात एकदम वर गेले. मागच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरांचेही. बाईंनी त्यांच्यातल्याच एकाला उठवलं. आतली जागा वाढली, दाब कमी झाला, म्हणून बाहेरची हवा आत शिरली, त्यानं सांगितलं. दुसऱ्याला उठवलं, त्यानं आपल्या छातीवर हात ठेवून सांगितलं. कृष्णवेणीचा ऊर भरून आला. हे तिचं होतं, तिनं केलेलं होतं, आणि तेवढा वेळ तिला बाकी कशाची आठवण राहिली नाही.

मग तिनं गुरुमूर्तींचा चेहरा पाहिला.

पाठ संपल्यावर ते व्हरांड्यात आले. आज मनासारखं बोलायची खोडही त्यांनी सोडली होती. "वर्ग चांगला आहे," ते म्हणाले. "बिघडवला असेल तर तो तुम्ही. दुसऱ्या कुणापुढं पोरांनी तोंड उघडू नये अशी व्यवस्था करून जाणारी बाई मला नको. कायमच्या जागेसाठी तर नकोच."

"सार, मी नियम लावला तो पोरांसाठी लावला."

"लावला पोरांसाठी. पाळायला लावलात स्वतःसाठी."

ते खरं होतं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, आणि हातसुद्धा दुसऱ्यांचे. ऊर्मीला बाईंनी पुन्हा पाठ द्यायला सांगितलं होतं, पुढच्या वर्षी. वर्गाची जुनी मिस घरातच असून ज्या मुलीला इतक्या दिवसांत वर्गाची सवय विचारावीशी वाटली नाही, तिच्या हातात वर्ग देणार नाही, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. कृष्णवेणीनं कॅन उचलला. परतताना वाटेवर रबर सैल होऊन दर पावलाला फुगे थोडे फुगत आणि बसत होते.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधीच स्वयंपाकघरात भांडण पेटलं. आशिष आजच्यापुरता लवकर आला होता आणि मोरीत पेरं घासत होता. कुमुदिनीबाई पाटावर बसून तोंडाचा पट्टा सोडत होत्या. आस्तनीतला निखारा, घरभेदी, तंजावरची कारस्थानं. कृष्णवेणी रस्समला फोडणी देत होती आणि एकाही शब्दाला उत्तर देत नव्हती.

ऊर्मी आली. साडी तशीच, निऱ्या सुटलेल्या. तिनं पर्समधून खडू काढला आणि ओट्यावर, कृष्णवेणीच्या हाताजवळ ठेवला.

"ठेवला, वहिनी. आता बोल."

कुमुदिनीबाई थांबल्या. मोरीतलं पाणीही थांबलं.

कृष्णवेणीनं गॅस बारीक केला. "बोलत्ये. पण आधी तू सांग. विद्यापीठानं बदललं नव्हतं. त्या शाळेचं नाव तू लिहिलंस. कशास?"

ऊर्मी सुटलेल्या निऱ्या गोळा करत राहिली.

"माझी जागा जाईल हे तुला ठाऊक होतं. मी हात जोडले होते. माझ्यावर राग होता? आईंनी सांगितलं?"

"मी काही सांगितलं नाही," कुमुदिनीबाई पटकन म्हणाल्या.

"खरं सांग. मला ऐकायचं आहे."

ऊर्मीनं डोळे पुसले. त्या तोंडावर आता राग नव्हता, नुसती दमणूक होती. "टी. नगरला दोन बस बदलाव्या लागतात," ती म्हणाली. "पहाटे उठावं लागतं. मला नाही होत लवकर उठायला."

"आणि?"

"आणि काही नाही."

रस्सम उतू जायला आलं होतं. कृष्णवेणीनं भांडं उतरवलं. काहीतरी मोठं असेल, असं तिनं इतके दिवस धरलं होतं. द्वेष असेल, कट असेल, सासूची शिकवण असेल. त्याच्याशी तिनं मनात रात्रंदिवस भांडण केलं होतं आणि त्याच्या मापाचं उत्तरही दिलं होतं. सकाळची झोप. ज्या घरात पहाटे आशिषच्या डब्यासाठी, मग सासूच्या काढ्यासाठी, मग हिच्या निऱ्यांसाठी ती सगळ्यांच्या आधी उठत आली, त्या घरातल्या पोरीनं सकाळच्या झोपेपायी तिची जागा घालवली होती. तिला हसू आलं, आणि ते तिला आवरलं नाही.

"हसतेस काय?" कुमुदिनीबाई म्हणाल्या.

कृष्णवेणीनं ओट्यावरचा खडू उचलला.

"उद्या मीसुद्धा झोपणार आहे," ती म्हणाली. "मला कुणी उठवू नक्को."

"आणि आशिषचा डबा?"

कृष्णवेणी भिंतीला टेकून खाली बसली. आशिष ओले हात तसेच धरून मोरीच्या दारात उभा होता, ऊर्मी ओट्याशी. कुमुदिनीबाईंनी पुन्हा तोंड उघडलं, सुनेच्या मुठीकडे पाहिलं आणि मिटलं. खडू हातात होता. कुणी बोललं नाही.